गळाला लागणारे मासे : आपले आणि परके

भीमेकाठच्या एका शाळेस भेट दिली असता प्रस्तुत लेखकाने चौथीच्या वर्गास विचारले, “आपल्या नदीत कोणते मासे सापडतात?” मुले एका सुरात म्हणाली, “चिलापी!” पाठोपाठ एकाने मरळीचे नाव घेतले आणि तेथेच वर्ग थांबला. चिलापी हा मूळचा आफ्रिकेचा मासा होय, हे ऐकून मुलांना मोठे नवल वाटले. परिसर अभ्यासाच्या पाठास याहून चांगला आरंभ कोणता असणार?

प्रथम आपल्या घरच्या माशांची ओळख करून घेऊ. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यास गोदावरी, प्रवरा, मुळा आणि दक्षिण सीमेवर भीमा असे नद्यांचे वरदान आहे. डोक्याने सापासारखी दिसणारी मरळ हवेतूनही श्वास घेते आणि आपल्या पिलांची राखण करते. शिंगाळ्याच्या अंगावर खवले नसतात. तोंडाशी लांब मिशा असतात. वाम लांबट व सडपातळ असते. या सर्वांहून थोर म्हणजे महासीर. मोठाले खवले, जाड ओठ आणि तोंडाशी चार मिशा ही त्याची खूण. त्याच्या जबड्यात दात नसतात. ते घशात असतात आणि त्यांनी तो गोगलगायी, फळे चिरडून खातो. त्याला खडकाळ तळाचे, वाहते व स्वच्छ पाणी लागते. दख्खनच्या महासीराचे शास्त्रीय वर्णन कर्नल साइक्स यांनी १८३९ साली केले. ते ज्या मुळा-मुठेवरून केले, ती नदी पुण्याची. आपल्या राहुरीची मुळा निराळी. या माशाच्या शास्त्रीय नावातील ‘खुद्री’ हा शब्द येथील लोकांच्याच तोंडचा आहे, हे मुलांना अवश्य सांगावे.

रोहू, कटला व मृगळ आज आपल्या बाजारात नित्य दिसतात. परंतु तेही येथील नव्हेत, गंगेच्या खोऱ्यातून आणलेले आहेत. चिलापी तर १९५२ साली समुद्रापलीकडून भारतात आणली गेली. तिची मादी अंडी व पिले तोंडात सांभाळते, आणि वर्षातून अनेक वेळा वीण होते. आपले अनेक मासे पावसाळ्यातील पुराची वाट पाहून अंडी घालतात. चिलापीस पुराची गरज नाही. म्हणून धरणाच्या संथ पाण्यात ती झपाट्याने वाढते. कर्जत तालुक्यास भिडणाऱ्या उजनीच्या फुगवट्यात हेच घडले आहे. तिने अनेक मच्छीमार कुटुंबांस पोट भरण्याचे साधन दिले, हेही तितकेच खरे. आफ्रिकी मागुराची गोष्ट मात्र वेगळी. हा अधाशी मासा इतर माशांस खाऊन टाकतो. म्हणून केंद्र शासनाने २००० साली त्याच्या पालनास बंदी केली.

मग आफ्रिकेचे मासे वाईट काय? तसे मुळीच नव्हे. झांबेझी नदीत गळ टाकणाऱ्यांस अत्यंत प्रिय असलेला, सुळ्यांसारख्या दातांचा वाघमासा आपल्या नदीत शोभतो. नाईल नदीतील पर्च हा प्रचंड मासाही स्वतःच्या पाण्यात गोड नांदत होता. परंतु १९५०च्या दशकात तो व्हिक्टोरिया सरोवरात सोडला गेला आणि तेथील लहान माशांच्या शेकडो जाती नष्ट किंवा दुर्मिळ झाल्या.

आता हाच दोष आपल्या हातूनही घडला आहे. लोणावळ्यास कृत्रिम रीतीने वाढविलेली दख्खनच्या महासीराची पिले १९७०नंतर कावेरीत सोडण्यात आली. हेतू चांगला होता. परंतु कावेरीचा स्वतःचा, पाठीवर उंचवटा असणारा महासीर मागे हटत गेला आणि २०१८ साली त्याची गणना अतिसंकटग्रस्तांत झाली. जो मासा आपल्या घरी देव, तोच शेजाऱ्याच्या घरी उपद्रवी ठरला. तात्पर्य, मासा वाईट नसतो. न जाणता त्यास परक्या पाण्यात सोडणारा माणूस चुकतो.

शिक्षकबंधु-भगिनींनी या विषयावर पुढीलप्रमाणे काम करावे. आठवडे बाजारात मिळणाऱ्या माशांची चित्रे मुलांकडून काढून घ्यावी; प्रत्येकाचे तोंड, मिशा, खवले व शेपटी न्याहाळण्यास सांगावे. मुलांना एकटे पाण्याकाठी पाठवू नये. गावातील वयोवृद्ध भोई अथवा कोळी बांधवांस शाळेत सन्मानाने बोलवावे आणि पूर्वी कोणते मासे मिळत, त्यांस काय म्हणत, ते विचारून वहीत नोंदवावे. घरातील काचपेटीतला मासा ओढ्यात सोडू नये, हे मुलांच्या मनावर ठसवावे. ज्या माशाचे नाव गावात कोणी घेत नाही, तो नदीतून नाहीसा झाला तरी कोणास कळत नाही. निदान ती नावे तरी आपल्या शाळांनी जपावीत.