सन नको, भाव लिही

पहाटे 4. शटर अर्धंच उचलतो. पूर्ण उचललं की दूधवाले, पेपरवाले आणि झोप न येणारे म्हातारे लगेच बाकावर येऊन बसतात, आणि चहाला अजून वेळ असतो. आधी आलू उकडायला लावायचे. मग रश्श्याचा कांदा-खोबरं भाजायला घ्यायचं. हे काम मामांचं. मामा म्हणजे आमचे कारागीर. आजोबांच्या काळात ते कपबशा विसळायला आले तेव्हा अर्ध्या चड्डीत होते. अशा पोरांना कामावर ठेवायला 2006 मध्ये बंदी आली, आणि चांगलंच झालं. पण मामांनंतर हा रस्सा कोण करणार, याचं उत्तर माझ्याकडे नाही.

आजोबांनी पातुरात हाटेल टाकलं तेव्हा बाजाराला बैलगाड्या यायच्या. भट्टी कोळशाची होती, आता गॅस आहे. पाटा गेला, मिक्सर आला. कढई तेवढी जुनीच आहे, कारण नव्या पातळ कढईत तेल एकदम तापतं आणि एकदम उतरतं.

साडेपाच. बेसन कालवणं. मामा पळीभर कडकडीत तेल पिठात ओततात, हात फिरवतात, मग बोटाने एक थेंब कढईत सोडतात. थेंब तळाशी बसून राहिला तर तेल थंड, पडल्या पडल्या करपला तर जास्त तापलेलं. खाली जाऊन लगेच वर आला आणि कडेने बुडबुडे सुटले की पहिला घाणा. पहिला आलूबोंडा गिऱ्हाइकाला नाही, देवाला. दुसरा मामांना. तो खाऊन ते काही बोलले नाहीत म्हणजे मीठ बरोबर आहे.

सहा ते साडेनऊ. या वेळात मला कोणी काही विचारू नये. पातुरात रेल्वे नाही, त्यामुळे आमचं घड्याळ एसटीचं. अकोल्याची गाडी लागली की कॉलेजची पोरं, कोर्टाची तारीख असलेले, सर्वोपचार रुग्णालयात निघालेले, सगळे एकदम. सर्वोपचारवाल्यांमधले काही रक्त तपासायचं म्हणून उपाशी असतात. ते बोंड्यांकडे बघत उभे राहतात आणि परत येताना पार्सल नेतात. वाशीमकडची गाडी घाट चढायच्या आधी थांबते, तिच्या लोकांना चहाच लागतो. 2021 च्या नोव्हेंबरात एसटीचा संप सुरू झाला आणि एप्रिल उजाडेपर्यंत ताणला, तेव्हा कळलं की आपण हाटेल चालवत नाही, गाड्यांच्या आधाराने बसलोय.

दहा. आता नेहमीचे येतात. एक निवृत्त मास्तर, दोन कास्तकार, एक किराणावाले. जागा ठरलेल्या. मास्तरांच्या कोपऱ्यात परका बसला असेल तर मास्तर उभे राहतात, पण दुसरीकडे टेकत नाहीत. ऑर्डर कोणी देत नाही, कारण सगळ्यांचं सगळ्यांना माहीत. रश्श्यावर सांबार, म्हणजे कोथिंबीर, कोणाला नको, हाफ चहा कोणाला, उधारी कोणाची. फोनवर पैसे घेणं सुरू झालं तरी उधारीची वही आहेच.

आज किराणावाल्यांचा मुलगा मोबाइल घेऊन आला. जगातलं सगळ्यात जुनं हाटेल म्हणून गिनीज बुकात नोंद असलेलं बोतीन, माद्रिदमधलं, 1725 सालचं. मास्तरांनी पुण्याच्या पूना गेस्ट हाऊसची पुस्ती जोडली. मूकपटांच्या काळातले नानासाहेब सरपोतदार यांनी ते 1935 मध्ये काढलं. मामा झारा टेकवून ऐकत होते. म्हणाले, ‘‘तेल कोणतं वापरते म्हणा त्याइले?’’ कोणालाच सांगता आलं नाही.

मला विचाराल तर जुन्या चवीचं आपल्याकडचं खरं उदाहरण शेगावचं. फाळणीनंतर पंजाबातून आलेले तीरथराम शर्मा शेगाव स्टेशनवर कचोरी विकू लागले आणि मुंबई-हावडा मार्गावरच्या प्रवाशांनी तिचं नाव देशभर नेलं. लहानशी कचोरी, सोबत तळलेली मिरची. बसायला खुर्ची नाही, खिडकीतून हात बाहेर. जुनी चव म्हटलं की लोकांना लाकडी टेबलं आणि फोटो आठवतात. शेगावात तर गाडी सुटेपर्यंतचीच मिनिटं हाताशी होती.

बारा ते तीन मंदी. जेवण आम्ही ठेवत नाही, वडिलांनी एकदा ठेवून पाहिलं. या वेळात तेल बदलायचं. तेल किती बिघडलेलं चालेल, याची सरकारी मर्यादा 2018 पासून आहे: पोलर कंपाउंड 25 टक्क्यांपर्यंत. मामा मात्र तेलाचा फेस बघतात. फेस बसेना झाला की तेल काढायचं. दोन्ही पद्धतींचं सहसा जमतं. जमलं नाही तर मी नियमाचं ऐकतो, मामा दिवसभर घुम्म.

तीन. पेंटर आला. पाटी रंगवायची आहे. त्याचं म्हणणं, पाटीवर स्थापनेचं साल टाकू, आजकाल सगळेच टाकतात. मलाही मोह झाला. वडील गल्ल्यावर होते. म्हणाले, ‘‘गावात हजार वर्षांपलीकडच्या लेण्या हायेत, शेख बाबूचा दर्गा हाये. त्याइच्यासमोर आपण काय सन सांगाव? भाव लिही, रोज लोक तेच विचारतात.’’ पेंटरने भाव लिहिले. चहाचा आकडा मात्र खडूने लिहायला लावला, दुधाचं काही सांगता येत नाही.

पाच. मिरची भजी आणि गोल भजी. लेणी बघून आलेली पुण्याची चार मंडळी विचारत होती, ‘‘इथलं जुनं हॉटेल कोणतं?’’ मी म्हटलं, बसा. त्यांनी भिंतींचे फोटो काढले. भजी निवल्यावर खाल्ली.

सात. हिशेब. ज्येष्ठात शेगावहून गजानन महाराजांची पालखी अकोला, वाडेगाव करत पातुरात येते, त्या दिवशीच्या पानावर फक्त साखर आणि दुधाचा खर्च असतो, जमा नसते. चहा वाटायचा असतो. वडिलांनी ती पानं कधी बेरजेत धरली नाहीत, मीही धरत नाही. जीएसटीवाला पोरगा दरवर्षी कुरकुरतो.

साडेआठ. उद्या बाजार, आलू दुप्पट लागणार. अडत्याला फोन केला, तो भाव वाढवून सांगत होता, शेवटी मास्तरांचं नाव घेतल्यावर जुन्या भावात द्यायला तयार झाला. मामांनी परवाची सुट्टी मागितली, नातीचं बारसं. दिली. म्हणजे परवाचा रस्सा मी करणार. मास्तरांना आत्ताच सांगून ठेवलं. ते म्हणाले, ‘‘मंग परवा मी चहाच घेईन.’’