फाफेच्या गोष्टीचा साचा

कणकुंबीत पाऊस लागला की चार-चार दिवस उघडीप नसते. समजा, अशाच एका ओल्या आठवड्यात तिथल्या एका मुलीने फास्टर फेणेची, म्हणजे फाफेची, गोष्ट लिहायला घेतली. भा. रा. भागवतांनी फुरसुंगीच्या या बनेश फेणेला काश्मीरपर्यंत फिरवून आणले. हिच्या गोष्टीत तो बेळगावात पणजीच्या गाडीत बसतो, चोर्ला घाटात दरड कोसळते आणि रात्रीपुरता तो कणकुंबीत उतरतो. माउलीच्या देवळापाशी, जिथे मलप्रभा उगम पावते तिथे, त्याला अंधारात बॅटरीचा उजेड हलताना दिसतो.

आवडत्या पात्राला असे आपल्या गावी बोलावून आणण्याला आज फॅन फिक्शन म्हणतात. नाव नवे आहे, ऊर्मी नाही. कणकुंबीपासून फार लांब नसलेल्या कोवाडच्या रणजित देसाईंनी १९७३ साली ‘राधेय’मध्ये कर्णाला पुन्हा उभे केले. भैरप्पांनी कन्नडमध्ये सगळे महाभारतच नव्याने मांडले, आणि ते ‘पर्व’ मराठीत आणले बेळगावात जन्मलेल्या उमा कुलकर्णींनी. त्या ग्रंथांची उंची निराळी. पण गोष्ट वाचून संपली तरी मनात संपत नाही, हे दुखणे त्या मुलीचेही तेच.

गोष्ट झाली. वर्डमध्ये ती देखणी दिसत होती. प्रत्येक परिच्छेदाआधी पाच वेळा स्पेस दाबून जागा सोडलेली, प्रसंग बदलला की चार वेळा एंटर, प्रकरणाचे नाव मोठे आणि ठळक. मग तिने ती उचलून संकेतस्थळावर चिकटवली आणि सगळा संसार विस्कटला. पाच स्पेस गायब, दोन प्रसंग एकमेकांना चिकटलेले, प्रकरणाचे नाव मजकुरात बुडालेले.

यात तिची चूक एवढीच की तिने पानाला रंगरूप दिले, रचना सांगितली नाही. संकेतस्थळे एचटीएमएल या खुणांच्या भाषेवर चालतात आणि त्या भाषेचा नियमच असा की लागोपाठ कितीही स्पेस आल्या तरी दाखवायची एकच. ‘हा परिच्छेद’, ‘हे शीर्षक’, ‘इथे प्रसंग बदलला’ असे सांगितले तर ब्राउझरला कळते. नुसती मोकळी जागा त्याच्या लेखी काहीच नसते. हा विचार वेबपेक्षा जुना आहे. १९६९ मध्ये आयबीएममध्ये गोल्डफार्ब, मोशर आणि लोरी या तिघांनी मजकुराला अर्थाच्या खुणा लावायची पद्धत बसवली. तिच्यातून १९८६ चे एसजीएमएल हे मानक आले आणि त्याच कुळात पुढे टिम बर्नर्स-ली यांचे एचटीएमएल जन्मले.

वर्डच्या फाइलमध्येही ही विभागणी असते. डॉकएक्स म्हणजे प्रत्यक्षात झिप केलेले गाठोडे. फाइलची एक प्रत काढून तिचे आडनाव झिप असे बदला आणि उघडून पाहा: आत मजकुराची फाइल वेगळी आणि स्टाइलची वेगळी सापडते. मजकुराच्या फाइलीत ‘हा परिच्छेद अमुक स्टाइलचा’ एवढेच नोंदवलेले असते. ती स्टाइल दिसते कशी, हे दुसऱ्या फाइलीत. अशा स्टाइल एकदाच ठरवून ठेवलेली कोरी फाइल म्हणजे टेम्प्लेट. आपला शब्द साचा. मोदकाचा, गणपतीचा, तसाच हा. मराठी विकिपीडियानेही हाच शब्द घेतला आहे.

आणि साच्याची परंपरा मराठीला नवी नाही. यादवांचा मंत्री हेमाद्री याच्या नावावर सांगितली जाणारी मेस्तके म्हणजे पत्रलेखनाचे साचेच: कोणाला कोणता मायना, कुठे काय लिहायचे. मोडी लिहिणारा कारकून आधी कागदावर आडव्या रेघा ओढून घेई आणि मग अक्षरे त्यांना टांगत जाई. मजकूर दर वेळी नवा, चौकट ठरलेली. फॅन फिक्शनच्या जगातही मायना आहे. आर्काइव्ह ऑफ अवर ओन हा या प्रकारचा मोठा संग्रह २००९ पासून सर्वांसाठी खुला झाला आणि २०१९ मध्ये त्याला ह्यूगो पुरस्कार मिळाला. तिथे कथेच्या डोक्यावर मूळ कलाकृती, पात्रे, वाचकांसाठी सावधगिरीच्या सूचना आणि सारांश हे सगळे ठरलेल्या क्रमाने येते. आपल्या मुलीने साच्यात वरच ‘मूळ पात्र : भा. रा. भागवत’ अशी ओळ कायमची घालून ठेवावी. भागवत २००१ मध्ये गेले, आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे हक्क टिकतात. म्हणजे फाफे अजून सर्वांचा झालेला नाही.

साच्यात पाच-सहा स्टाइल पुरतात: कथेचे नाव, प्रकरण, मजकूर, पत्र, प्रसंगबदल. प्रकरणाला शीर्षकाची स्टाइल का, नुसता ठळकपणा का नाही, हे मात्र नीट समजून घेण्यासारखे आहे. दृष्टिहीन वाचक पडदा वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर वापरतात आणि एक कळ दाबून पुढच्या शीर्षकावर उडी मारतात. ठळक अक्षरे त्या सॉफ्टवेअरला शीर्षक वाटत नाहीत. तिथे सगळी गोष्ट सलग ऐकावी लागते.

इंग्रजीसाठी केलेले तयार साचे आपल्याला जसेच्या तसे चालत नाहीत, आणि इथेच माणसे सर्वाधिक वैतागतात. वर्ड असो की लिब्रेऑफिस, एकाच स्टाइलच्या पोटात दोन कप्पे असतात: एक रोमन लिपीचा, दुसरा देवनागरीसारख्या जोडाक्षरांच्या लिप्यांचा. अक्षर मोठे करायला तुम्ही पहिल्या कप्प्यात आकडा बदलता आणि मराठी मजकूर ढिम्म हलत नाही. दुसऱ्या कप्प्यात जा. तिथे भाषेच्या रकान्यात कित्येकदा हिंदी आधीच भरलेली सापडते. ती बदलून मराठी करा. ज्या फॉण्टांत दोन्ही वळणे भरलेली आहेत, ते भाषेची ही खूण पाहूनच पाकळीचा ल आणि देठाचा श काढतात. महाराष्ट्र शासनाने २००९ च्या वर्णमालेच्या निर्णयात मराठीसाठी हीच वळणे धरली. शुद्धलेखन तपासनीसही ही खूण पाहूनच ठरवतो, तुमच्या शब्दाखाली लाल रेघ ओढायची की नाही. ओळींमधले अंतरही वाढवावे लागते. ‘र्कैं’सारखे अक्षर वर तीन मजले चढते, खाली उकार लोंबतो, इंग्रजीच्या मापाच्या ओळीत त्यांची टक्कर होते.

इंग्रजी फॅन फिक्शनमध्ये पात्राच्या मनातले विचार तिरप्या अक्षरांत टाकायची रीत आहे. माझे स्पष्ट मत, मराठीत ती टाळावी. देवनागरीच्या बहुतेक फॉण्टांत तिरपे वळण मुळात काढलेलेच नसते. संगणक सरळ अक्षराला धक्का देऊन तिरके करतो, आणि वेलांट्या-मात्रा शेजारच्या अक्षरावर कलंडतात. एकेरी अवतरणचिन्हे पुरेशी आहेत.

एक अडचण मात्र साच्याने सुटत नाही. जुन्या डीटीपी फॉण्टांत टंकलेला मजकूर दिसायला मराठी असतो, पण फाइलीत रोमन अक्षरांचेच क्रमांक साठवलेले असतात. फॉण्ट बदलला की त्याचा भुसा होतो. तो आधी युनिकोडमध्ये रूपांतरित करूनच घ्यावा लागतो, आणि मग डोळ्यांत तेल घालून ‘दऱ्या’, ‘वाऱ्या’ तपासावे. हा अर्धा र हमखास हरवतो.

कणकुंबीच्या गोष्टीत संवाद कधी एका भाषेत राहणार नाहीत. गाडीचा कंडक्टर कन्नड बोलेल, चोर्ल्याकडून आलेली म्हातारी कोंकणी. कंडक्टरची ओळ कन्नड लिपीत ठेवली तर देवनागरी फॉण्टमध्ये ती अक्षरे नसल्याने यंत्र दुसरा कुठला तरी फॉण्ट ओढून आणते, आणि ओळीत ते शब्द मध्येच मोठे किंवा बारीक दिसतात. त्यासाठी ‘कन्नड संवाद’ अशी अक्षरांपुरती स्टाइल साच्यात असावी, तिच्यात फॉण्ट आणि आकार जुळवून ठेवावा. म्हातारीचे काम अधिक नाजूक. तिची कोंकणी देवनागरीतच, म्हणजे अक्षरांचे क्रमांक मराठीचेच. संगणकाला फरक सांगणारी एकच गोष्ट उरते, भाषेची खूण. ती नसेल तर तपासनीस म्हातारीच्या प्रत्येक शब्दाला मराठीतली चूक ठरवतो.

इतके सगळे होऊन कथेचे वजन किती? युनिकोडच्या रूढ साठवणीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते; तीन हजार शब्दांची गोष्ट पन्नास-साठ किलोबाइटांत बसते. फोनने काढलेल्या देवळाच्या एका फोटोच्या जागेत अशा पन्नासेक गोष्टी मावतील. धो-धो पावसात रेंजची एखादी काडी आली आणि मिनिटभर टिकली, तरी फाफे घाट उतरून जाईल.