देवमाशाची घोंगडी

पौषातील पहाटे मालेगावच्या शिवारात घोंगडी पांघरून बसलेला शेतकरी थंड वारा सहज सोसतो. त्यालाच तळ्यात उतरावयास सांगितले, तर घटकाभरात त्याचे दात वाजू लागतील. पाणी वाऱ्याहून थंड असते म्हणून असे होते, हा समज खरा नव्हे. दोहोंचे उष्णमान सारखेच असले, तरी उष्णता वाहून नेण्याचा पाण्याचा गुण हवेच्या सुमारे २५ पट आहे. तेथे घोंगडीचाही उपयोग नाही. कारण तिची ऊब लोकरीत कोंडलेल्या हवेची असते आणि भिजताच ती हवा निघून जाते.

मग देवमासा काय करतो? नावाने मासा असला, तरी तो पिलांना दूध पाजणारा, उष्ण रक्ताचा प्राणी आहे. ध्रुवाकडील पाणी बर्फासारखे असताही त्याच्या अंगाची ऊब मनुष्याइतकीच, म्हणजे सुमारे ३६ ते ३७ अंश सेंटिग्रेड राहते.

निसर्गाने त्यासाठी तीन तजविजी केल्या आहेत. पहिली, कातडीखालील चरबीचा थर. ही घोंगडी आतून पांघरलेली असल्याने भिजत नाही. उत्तर ध्रुवाकडील एका जातीच्या देवमाशात ती दीड फुटापर्यंत जाड असते. दुसरी तजवीज प्रचंड देहाची. तांब्याभर ऊन पाणी लवकर निवते, हंडाभर उशिरा. तोच न्याय येथे लागू पडतो. तिसरी तजवीज सर्वांत चतुराईची. परांमध्ये चरबी थोडी. परंतु तेथे ऊन रक्त नेणाऱ्या धमनीला थंड रक्त परत आणणाऱ्या शिरांचा वेढा असतो. जाणारे रक्त आपली ऊब येणाऱ्यास देऊन टाकते. ती समुद्रात वाया जात नाही.

कोकणच्या उबदार समुद्रात मात्र प्रश्न उलटा होतो. तेथे अंग तापले, की देवमासा परांच्या कातडीपर्यंत अधिक रक्त खेळवितो आणि नको असलेली उष्णता पाण्यास देतो. हा व्यवहार पाणी आहे तोवरच चालतो. जून २०१५ मध्ये रायगड जिल्ह्यातील रेवदंड्याच्या किनाऱ्यावर सुमारे ४२ फूट लांबीचा निळा देवमासा जिवंत लागला. त्यास परत समुद्रात लोटण्याचे यत्न झाले, परंतु तो वाचला नाही. वाळूवर पडलेल्या अशा प्राण्यास स्वतःच्याच देहाचा भार चिरडू लागतो. शिवाय जी चरबी थंडीत रक्षण करते, तीच उन्हात त्याला आतून भाजते.

म्हणून असा प्राणी दिसताच वन खात्यास वर्दी द्यावी, अंगावर ओली फडकी घालावी, पाणी शिंपावे आणि सावली करावी. डोक्यावरील श्वासाचे छिद्र मात्र मोकळे ठेवावे, त्यात पाणी जाऊ देऊ नये. ज्याची घोंगडी काढून ठेवता येत नाही, त्यास गारवा दुसऱ्यानेच द्यावा लागतो.