नवं तेल घालायच्या आधी जुनं काढा: आईच्या शिलाई मशीनची गोष्ट

(हेडफोन विसरलात? हरकत नाही. या भागाचं हे लिखित रूप. बोलताना मी हातवारे करून जे सांगितलं, ते इथे जरा सुटं करून लिहिलंय.)

आजचा भाग कोडिंगवर नाही, एआयवर नाही. आजचा भाग आहे तेलावर. म्हणजे मशीनमध्ये घालतो ते तेल. आणि मुख्य म्हणजे वीस वर्षांपूर्वी घातलेलं, आता दगड झालेलं तेल.

झालं असं की वर्क फ्रॉम होम मिळालं म्हणून मी सप्टेंबरात पुण्याहून नाशिकला घरी आले. बाबांनी माळा आवरायला काढला होता. माळ्यावरून आईची शिलाई मशीन खाली आली. काळी, सोनेरी फुलांची, पायाने चालवायची. तुमच्याही घरात किंवा आजीच्या घरात असेलच. बाबा म्हणाले, "चाकच फिरत नाही. भंगारवाला येतोच आहे, देऊन टाकू." आई काहीच बोलली नाही. चहा ठेवायला आत गेली.

आता थोडं मागचं सांगते. मी बी.टेक. करत होते तेव्हा घरात एकच पगार होता. आई गल्लीतल्या बायकांचे ब्लाउज शिवायची, साड्यांना फॉल लावून द्यायची. माझ्या हॉस्टेलच्या मेसचे पैसे याच मशीनवर निघायचे. त्यामुळे ती किलोच्या भावाने जाणार म्हटल्यावर मला काही ते पटेना. मी म्हटलं, "आठ दिवस द्या. मी करते दुरुस्त." इंजिनिअर आहे ना मी! (हसू नका.)

आधी मी काय काय बिघडवलं

पहिली चूक: जोर लावला. चाक दोन्ही हातांनी धरून पिळलं. कर्र आवाज आला आणि चाक जिथल्या तिथे. नशीब, काही तुटलं नाही.

दुसरी चूक: गंज सोडवायचा स्प्रे मारला. आणि गंमत म्हणजे चाक फिरलं! मी घरभर नाचले. दोन दिवसांनी चाक पुन्हा जाम, आणि आधीपेक्षा घट्ट.

तिसरी चूक सांगायला लाज वाटते. माझ्याकडे कीबोर्ड पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल असतं. त्याने मशीनवरचा काळा थर पुसायला घेतला. थर निघाला, आणि त्याच्याबरोबर सोनेरी फूलही निघालं. अख्खं. कापसावर सोनेरी डाग आणि मशीनवर मोकळी जागा. जुन्या मशीनवरची ही नक्षी म्हणजे पातळ चित्र असतं, आणि त्यावर बहुतेक वेळा लाखेसारख्या रोगणाचा थर असतो. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. हे मला नंतर कळलं.

मग मी भद्रकालीकडच्या एका जुन्या दुरुस्तीवाल्या मास्तरांकडे गेले. सगळं ऐकून त्यांनी एकच विचारलं, "बेटा, तेल घातलंस ते ठीक. आधीचं काढलंस का?"

मंडळी, आजचा अख्खा भाग या एका प्रश्नावर आहे.

तेल दगड कसं होतं?

आपल्याला वाटतं तेल वाळतं, म्हणजे पाण्यासारखं उडून जातं. तसं नसतं. तेल हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावतं. तेलाचे रेणू म्हणजे कार्बनच्या लांब साखळ्या. ऑक्सिजनमुळे या साखळ्या एकमेकींना जोडल्या जातात. आधी तेल दाट होतं, मग मधासारखं, मग डिंकासारखं, आणि शेवटी धातूवर कडक पिवळट थर बसतो. त्याला वॉर्निश म्हणतात, आणि नाव अगदी बरोबर आहे. चित्रकार रंगात जवसाचं तेल घालतात ते याच गुणासाठी. ते वाळून कडक पापुद्रा होतं. चित्राला जे वरदान, ते मशीनला शाप.

सगळी तेलं सारख्या वेगाने कडक होत नाहीत. तीन प्रकार लक्षात ठेवा.

एक, मशीनचं तेल. पातळ, पाण्यासारखं दिसणारं खनिज तेल. हे सगळ्यात सावकाश खराब होतं. पण वर्षानुवर्षं न वापरता ठेवलं तर तेही चिकट होतं.

दोन, स्वयंपाकाचं तेल. शेंगदाणा, करडई, सूर्यफूल. यांच्या रेणूंमध्ये ऑक्सिजनला पकडायला सोप्या जागा जास्त असतात, म्हणून ती लवकर चिकट होतात. तव्याच्या कडेला जो तपकिरी चिकटा बसतो, घासून घासून निघत नाही, तोच हा प्रकार. खोबरेल तेलाचं वेगळं आहे. ते सहसा डिंक होत नाही, पण साधारण २४ अंशांच्या खाली थिजतं. नाशिकची थंडी तुम्हाला माहीत आहे. पहाटे बाटलीत जे होतं, तेच मशीनच्या आत होतं.

तीन, ग्रीस. ग्रीस म्हणजे साबणाच्या जाळीत धरून ठेवलेलं तेल. स्पंजात पाणी असतं तसं. वर्षं गेली की तेल पाझरून निघून जातं आणि मागे कोरडा साबण उरतो. ग्रीस लावलेलं दिसतं, पण ते वंगणाचं काम करत नाही.

आमच्याकडे काय होतं? आईला विचारलं. ती म्हणाली, "अगं, खंडेनवमीला पूजा करायचो ना, तेव्हा दोन थेंब सोडायचे. मशीनचं तेल संपलं असेल तर गोडेतेल." म्हणजे दरवर्षी खंडेनवमीला हळदकुंकू, झेंडूचं फूल आणि जुन्यावर नवं तेल. मी नंतर वरची तेलाची भोकं काडीने कोरली तेव्हा आतून लालसर गोळी निघाली. ते कुंकू होतं. मंडळी, आम्ही त्या मशीनची पूजा मनापासून केली. फक्त ती साफ कधी केली नाही.

त्यात भर कापसाच्या तुसाची. कापड शिवताना तूस उडतं आणि तेलाला चिकटतं. मालेगावात यंत्रमागावर काम करणाऱ्या कुणालाही विचारा, तूस आणि तेल मिळून काय लगदा होतो ते.

माझा स्प्रे का फसला, तेही आता कळेल. अशा स्प्रेमध्ये बराचसा भाग विरघळवणारा द्रव असतो आणि थोडं हलकं तेल. द्रवाने डिंक मऊ केला म्हणून चाक फिरलं. मग द्रव उडून गेला आणि मऊ झालेला डिंक आणखी आत, आणखी अरुंद फटीत जाऊन बसला. मी घाण काढली नव्हती, फक्त तिची जागा बदलली होती.

ही फक्त शिलाई मशीनची गोष्ट नाही

३१ जानेवारी २००० ला अलास्का एअरलाइन्सचं २६१ क्रमांकाचं विमान कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ समुद्रात कोसळलं. ८८ जण होते, कुणीही वाचलं नाही. शेपटाची आडवी पाती वरखाली करणारा एक मोठा स्क्रू असतो. त्यावरच्या नटचे आटे झिजून गेले होते. तपासातून निष्कर्ष निघाला की वंगण पुरेसं नव्हतं. दोन ग्रीसिंगमधलं अंतर आधीच वाढवलेलं होतं. आणि मला हादरवून गेलेली गोष्ट पुढची आहे: नटमध्ये ग्रीस आत जायची जी वाट असते, तीच सुकलेल्या गाळाने बंद झालेली सापडली.

विचार करा. अशा वाटेवर कुणी बाहेरून नवं ग्रीस भरलं, तरी ते आत पोचणार कसं? कागदावर "ग्रीस केलं" अशी टिकमार्क होऊ शकते आणि आत धातूवर धातू घासत राहू शकतो. आमची खंडेनवमीची टिकमार्कही तशीच होती. फरक एवढाच की आमचं फक्त चाक अडकलं.

साफ कसं करायचं

आता कामाचं. हे काळ्या, सरळ टाक्याच्या घरगुती मशीनसाठी आहे. मोटर लावलेली असेल तर आधी प्लग काढा, आणि मोटरमध्ये काहीही सोडू नका.

आधी फोटो काढा. प्रत्येक स्क्रू काढण्यापूर्वी एक. स्क्रू बशीत क्रमाने ठेवा. फोन हातात असतोच, त्याचा उपयोग करा.

मग अडकलंय कुठे ते शोधा. हे अगदी डीबगिंगसारखं आहे, अर्धा भाग बाजूला करून बघायचं. सुई आणि बॉबिन केस काढा. चाकाच्या मधली फिरकी सैल करा, बॉबिन भरताना करतो तशी. चाक आता एकटं फिरलं पाहिजे. नाही फिरलं तर घाण चाकाच्या मागच्या बुशमध्ये आहे. फिरलं, तर अडथळा पुढे आहे. फिरकी परत कसा आणि खालचं शटल काढून बघा. शटल काढल्यावर मशीन फिरली तर दोषी शटल. आमची तरीही फिरली नाही. डाव्या टोकाची पट्टी उघडली तर सुईचा दांडा मधाच्या रंगाच्या थरात रुतलेला. सापडला बग!

तिसरं, आधी कोरडी घाण काढा. जुना टूथब्रश आणि चिमटा. सुईखालची प्लेट काढा. दात्यांच्या मध्ये नमद्यासारखा घट्ट थर सापडेल, तो उचलून काढा. हे न करता द्रव सोडलात तर चिखल होईल.

चौथं, रॉकेल. मोठ्या हार्डवेअरच्या दुकानात विचारा. धातू जिथे धातूवर फिरतो अशा प्रत्येक जागी ड्रॉपरने दोन-तीन थेंब सोडा आणि रात्रभर तसंच ठेवा. सकाळी चाक हळूच मागे-पुढे हलवा. फिरवायचं नाही, फक्त झुलवायचं. पहिल्या दिवशी सुतभर हललं तरी पुष्कळ. तपकिरी पाणी बाहेर येईल, ते चिंधीने टिपा आणि पुन्हा थेंब सोडा. आमच्याकडे तीन रात्री लागल्या. रॉकेल स्वच्छ बाहेर यायला लागलं की समजायचं, झालं.

पाचवं, पुसून घ्या आणि वाळू द्या. रॉकेल हे वंगण नाही. मग प्रत्येक जागी मशीनच्या तेलाचा एकच थेंब. दोरा न घालता पाच मिनिटं चालवा. तेल परत काळं झालं तर पुसा, पुन्हा एक थेंब. पहिले टाके जुन्या फडक्यावर घाला, नाहीतर नव्या कापडावर डाग पडतील.

आणि हे करू नका

रॉकेलऐवजी पेट्रोल नको. रॉकेलची वाफ साधारण ३८ अंशांच्या पुढे पेट घेऊ शकते. पेट्रोलची शून्याच्या खाली चाळीस अंशांनाही घेते. म्हणजे आपल्या खोलीत ती कायम तयारच. रॉकेल वापरतानाही खिडक्या उघड्या ठेवा, आणि गॅस, उदबत्ती, देवाचा दिवा लांब. भिजलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, बाहेर पसरून वाळवा. उरलेलं रॉकेल मोरीत ओतू नका.

हेअर ड्रायरच्या गरम हवेने डिंक मऊ होतो, हे खरं. पण ओलं रॉकेल असताना ड्रायर अजिबात नाही. एक तर हे, नाहीतर ते.

नक्षीवर स्पिरिट, सॅनिटायझर, थिनर काहीही नको. तिथे मशीनचंच तेल मऊ कापडावर घेऊन हलक्या हाताने पुसा. माझं ऐका, एक फूल घालवून शिकलेय.

आणि जोर लावू नका. घट्ट झालेल्या तेलाला वेळ कळतो, ताकद कळत नाही.

मग पुढे?

चौथ्या दिवशी संध्याकाळी आई मशीनवर बसली. पायडलवर पाय ठेवला, चाकाला हात लावला, आणि तो आवाज आला. टकटकटक. मी हॉस्टेलला जायच्या आधी रोज रात्री झोपताना ऐकायचे तो. बाबा बाहेरून आत येऊन नुसते उभे राहिले. भंगारवाल्याचा विषय परत निघाला नाही.

फुलाच्या मोकळ्या जागेवरून आईने बोट फिरवलं. मी म्हटलं, "सॉरी आई." ती म्हणाली, "जाऊ दे गं. टाका सरळ पडतोय." आणि दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकूंचा फॉल घेऊन आली.

यंदा खंडेनवमीला आम्ही क्रम बदलला. आधी ब्रश, मग चिंधी, मग एक थेंब मशीनचं तेल, आणि सगळ्यात शेवटी हळदकुंकू. तेही वरच्या भोकांपासून लांब!

तर मंडळी, या रविवारी घरात एक वस्तू शोधा. शिलाई मशीन, छताचा पंखा, सायकलची चेन, काहीही. तेल घालायच्या आधी चिंधी घ्या आणि बघा, जुनं किती निघतंय. फोटो आणि व्हॉइस नोट नक्की पाठवा, पुढच्या भागात ऐकवीन. तोपर्यंत काळजी घ्या. भेटूया!