साठी आली म्हणून बुद्धी नाठी का?

सुगीचे दिवस असतात. घरातले वडीलधारे बाबा खळ्यावर बसलेले असतात. गेल्या सालापर्यंत किती पोती भरली, कुणाची किती मजुरी राहिली, हे सारे त्यांच्या तोंडावर असे. यंदा मात्र तेच तीनतीनदा विचारतात, "माल बाजारात गेला का रे?" मुलगा वैतागतो, नातवंडे हसतात आणि शेजारी म्हणतो, "चालायचेच! साठी बुद्धी नाठी."

वाचकहो, ही म्हण जरा जपूनच वापरावी. वयाबरोबर एखादे नाव आठवायला वेळ लागतो, हे खरे. पण रोजच्या वाटेवर चुकणे, साध्या पैशाचा हिशेब न जमणे, हे नुसत्या वयामुळे होत नाही. त्यामागे आजार असतो आणि त्यातल्या काही आजारांवर इलाज आहे.

असाच एक आजार आपल्या ताटात दडलेला असतो. तो म्हणजे ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव. रक्त आणि मज्जातंतू धड राहण्यासाठी हे जीवनसत्त्व लागते. ते धान्यात, डाळीत, भाजीपाल्यात नसते. दूध, दही, अंडी, मासे, मटण यांतून मिळते. म्हणजे माळकरी घरातल्या म्हाताऱ्या माणसाची सारी भिस्त दुधादह्यावर. आणि आपल्याकडे होते काय? दोन्ही वेळचे दूध डेअरीला जाते, घरात चहापुरते उरते. दात पडलेले, म्हणून आजी चहात चपाती कुस्करून खाते आणि उठते. त्यातच उतारवयात पोटातला आम्लरस कमी होतो व अन्नातले ब-१२ नीट अंगी लागत नाही. मधुमेहावरची मेटफॉर्मिनची गोळी वर्षानुवर्षे चालू असेल, तर ते आणखी घटू शकते. म्हणून गोळी मनाने बंद करू नका, डॉक्टरांना विचारा.

पायाला मुंग्या येणे, चालताना तोल जाणे, जीभ लाल होऊन झोंबणे, थकवा आणि विसराळूपणा ही या उणिवेची लक्षणे. रक्त तपासले की कळते. वेळेवर गोळ्या किंवा इंजेक्शने मिळाली तर पुष्कळांना चांगला गुण येतो. उशीर केला तर मज्जातंतूंची हानी कायमची राहू शकते.

दुसरी गोष्ट रक्तवाहिन्यांची. मेंदूचे वजन शरीराच्या अवघे दोन टक्के, पण शरीराच्या एकूण शक्तीपैकी सुमारे पाचवा हिस्सा त्याला लागतो. हा पुरवठा रक्तातून होतो. वाढलेला रक्तदाब, साखर आणि तंबाखू या वाहिन्या खराब करतात. म्हणून दिवसभरात मीठ चहाच्या एका लहान चमच्याहून कमी असावे. पापड, लोणचे, खारवलेली मिरची यांतले मीठही त्यातच धरावे.

फिनलंड देशात १,२६० ज्येष्ठांवर दोन वर्षे प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २०१५ साली आले. निम्म्या लोकांना योग्य आहार, व्यायाम, बुद्धीचे खेळ आणि रक्तदाबाची नियमित तपासणी असे सारे एकत्र दिले. नुसता सल्ला मिळालेल्यांपेक्षा त्यांची बुद्धी चाचण्यांत सरस ठरली. तिथला आहार होता भाजी, फळे, अखंड धान्य आणि मासे. आपल्याकडे ज्वारी-बाजरीची भाकरी, मेथी, तांदुळजा, शेवग्याचा पाला, डाळ आणि जवसाची चटणी आहेच. दात नसतील तर भाजी मऊ शिजवून वरणात घोटावी.

सगळाच स्मृतिभ्रंश आहाराने टळतो असे नाही. पण टाळता येण्याजोगी कारणे बरीच आहेत. कमी ऐकू येणे, डोळ्यांना कमी दिसणे आणि एकटेपणा हीसुद्धा त्यांतच येतात. तेव्हा कान-डोळे तपासून घ्या. बाबांना पारावर जाऊ द्या. हिशेबाची वही त्यांच्या हातून काढून न घेता शेजारी बसून लिहा.

आणि उद्या पहाटे डेअरीची किटली भरण्याआधी एक पेला दूध आणि विरजणापुरते दूध म्हाताऱ्या माणसांसाठी बाजूला काढा.