वजन तेवढंच, स्नायू मात्र गेले

भारतात आईबाबांपैकी कुणाची कर्करोगाची शस्त्रक्रिया ठरली की आपण फोनवर विचारतो, 'वजन उतरलं नाही ना?' पण वजनकाट्याला चरबी, पाणी आणि स्नायू यांतला फरक कळत नाही. स्नायू झिजतात, त्यांची जागा चरबी किंवा साठलेलं पाणी घेतं आणि आकडा हलत नाही. या झिजेला 'सार्कोपेनिया' म्हणतात. ती वयामुळे होतेच; कर्करोगात शरीरातला सततचा दाह आणि मंदावलेली भूक तिला वेग देतात.

गंमत म्हणजे ती मोजायला बहुधा वेगळी तपासणी लागत नाही. पोटाच्या शस्त्रक्रियेआधी सीटी स्कॅन सहसा झालेलाच असतो. त्यातलं कमरेच्या तिसऱ्या मणक्याजवळचं एकच चित्र घ्यायचं, स्नायूंचं क्षेत्रफळ मोजायचं आणि त्याला उंचीच्या वर्गाने भागायचं.

नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमच्या संशोधकांनी मोठं आतडं, यकृत आणि स्वादुपिंड यांच्या कर्करोगासाठी शस्त्रक्रिया झालेल्या ४५२ रुग्णांची बिलं अशा मोजमापाशी ताडून पाहिली (२०१७). इतर फरक हिशेबात घेऊनही, कमी स्नायू असलेल्यांचा रुग्णालयाचा खर्च सुमारे ४,००० युरोंनी जास्त निघाला.

असं का व्हावं? स्नायू म्हणजे शरीराची प्रथिनांची ठेव. जखम भरायला आणि जंतूंशी लढायला लागणारी अमिनो आम्लं शस्त्रक्रियेनंतर तिथूनच काढली जातात. श्वासाचे स्नायू दुबळे असतील तर नीट खोकताही येत नाही. कफ साठतो, न्यूमोनिया होतो, मुक्काम लांबतो. अर्थात, झिजलेले स्नायू ही मुळात आजार बळावल्याचीच खूण असू शकते, त्यामुळे सगळा दोष त्यांच्या माथी मारता येत नाही.

म्हणून मला २०२३चा एक प्रयोग जास्त मोलाचा वाटतो. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या रुग्णांना शस्त्रक्रियेआधी चार आठवडे देखरेखीखाली व्यायाम, जादा प्रथिनं आणि मानसिक आधार दिला. धूम्रपान करणाऱ्यांना ते सोडायला मदत केली. गंभीर गुंतागुंतीचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून १७ वर आलं.

आपल्या घरी नेमकं उलट चालतं: 'ऑपरेशन आहे, आता पडून राहा', आणि ताटात मऊ भात, पातळ वरण. तेव्हा पुढच्या फोनवर वजनाऐवजी हे विचारा: हात न टेकता खुर्चीतून उठता येतं का? आणि सर्जनना विचारा: स्कॅनमध्ये स्नायू कसे दिसतात, मधल्या दिवसांत फिजिओथेरपिस्ट आणि आहारतज्ज्ञ भेटतील का? प्रथिनं किती हवीत, हे आहारतज्ज्ञच ठरवतील. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर ते त्यांना आधी सांगा.