पाच पिनांची वायर

यंदाच्या लग्नसराईत सुरतजवळच्या चलथाणला एका हळदीला गेलो होतो. मांडवात कीबोर्डवाला उभा, ऑक्टापॅडवाला उभा, आणि गाणं मात्र लॅपटॉपवरून सुरू. कीबोर्डची वायर मिक्सरला जोडलेलीच नव्हती. तो पोरगा रात्रभर मुक्या पट्ट्यांवर बोटं फिरवत राहिला. मला ते फार लागलं, कारण याच भागातल्या हळदींमध्ये मी वाजवत आलोय.

जानेवारी १९८३मध्ये अमेरिकेतल्या एका प्रदर्शनात दोन वेगळ्या कंपन्यांचे सिंथेसायझर पाच पिनांच्या वायरने जोडले गेले. एकावर बोट ठेवलं की दुसरा वाजायचा. हेच मिडी. डेव्ह स्मिथ आणि इकुतारो काकेहाशी यांच्या पुढाकाराने आलेली ही पद्धत सगळ्यांना फुकट खुली राहिली. आमचं ते दशक मात्र बँजो, ढोलकी आणि कर्ण्यावरच सरलं.

सांगायचं ते १९९५ ते २००५बद्दल. ताप्ती रेल्वे लाइनने नंदुरबार, धुळे, जळगावहून सुरतेला आलेली आमची माणसं दिवसा लूमवर असायची आणि रात्री ऑर्केस्ट्रात. आधी ऑक्टापॅडचे आठ पॅड आले, मग फ्लॉपीचा कीबोर्ड. मिडीत आवाज नसतोच, हे लूमवरच्या माणसाला समजवावं लागलं नाही. जेकार्डच्या कार्डात धागा कुठे असतो? कोणता ताणा उचलायचा तेवढं ते सांगतं. मिडीही तेवढंच सांगतं: कोणता सूर, किती जोरात, कधी सोडला. जोर ० ते १२७, चॅनेल १६. म्हणून अख्खं गाणं काही किलोबाइटमध्ये मावायचं आणि १.४४ एमबीच्या एका फ्लॉपीवर रात्रीचा कार्यक्रम निघायचा. खरा आवाज साठवायचा तर सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक १६ बिटांचा. स्टिरिओत मिनिटाला सुमारे १० एमबी. तेवढी हार्ड डिस्क कुणाला परवडणार? मग गायकाचा आवाज तेवढा ऑडिओ ट्रॅकवर जायचा, बाकी सगळं मिडी.

यंत्राने कलावंत मारला, असं तेव्हा जुनेजाणते म्हणायचे. साफ चूक. चौघांच्या पार्टीला या वायरने व्हायोलिनचा ताफा दिला, आणि ते चौघं खरोखर वाजवत होते. नासाडी केली क्वांटाइझने. हाताने वाजवलेला ठेका स्क्रीनवरच्या रेघांवर ओढून बसवायचा. एका स्टुडिओत मला ऐकवलं गेलं, "दादा, हात घसरतोय." घसरत नव्हता. आमच्या अहिराणी गाण्यात ठेका समेवर येताना कणभर मागे बसतो, आणि नाचणारे पाय त्याच्यावरच पडतात. बटण दाबलं, ठेका सरळ झाला, नाच मेला.

पुढची वर्षं पेनड्राइव्हची आणि मायनस ट्रॅकची, म्हणजे गायकाचा आवाज वगळलेल्या तयार संगीताची. २०१६च्या 'सैराट'साठी अजय-अतुल यांनी हॉलीवूडच्या स्टुडिओत जिवंत वाद्यवृंद मुद्रित केला. तीच गाणी आमच्या मांडवात एकाही वादकाच्या हाताविना वाजतात. २०२०मध्ये मिडी २.० आलं, सुराच्या जोराला १२८ऐवजी ६५,५३६ पायऱ्या मिळाल्या. बोटाचा इतका बारीक दाब टिपणारं साधन हाताशी आलं, तेव्हा यजमानांना वाजवणारी बोटंच महाग वाटू लागली. ही माझी तक्रार आहे.

त्या काळच्या फ्लॉप्या ज्यांच्या माळ्यावर असतील त्यांनी आताच उतरवाव्यात. त्यांच्यावर बुरशी धरते. यूएसबीचा फ्लॉपी ड्राइव्ह अजून मिळतो, आणि मिडी फाइलचं स्वरूप १९८८पासून तेच असल्याने आजचा संगणकही ती उघडतो. ठेक्याचा ट्रॅक वेगळा काढून बघा. ज्या फाइलला क्वांटाइझ लागलेलं नाही, तिच्यात कणभर मागे बसलेला एकेक ठोका तसाच दिसेल.